गुडघ्याचे दुखणे थांबले. मग खो-खो आणि गरबा कधी?

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची असून महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून ती खो-खो खेळते. जानेवारीत सामन्यात पळता पळता एकदम वळताना तिचा डावा गुडघा आवाज होऊन सटकला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारे लिगामेंट (अस्थिबंध), पूर्ण तुटल्याचे निघाले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. मांडीमागची शीर काढून नवे लिगामेंट केले, असे डॉक्टरांनी सांगितले. आता साडेपाच महिने झाले. दुखत नाही, सूज नाही, ती जिने चढते, स्कूटी चालवते, कमाटीबागेत सरळ पळतेही. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले होते की सहा महिन्यांनी खेळता येईल; फिजिओथेरपिस्ट म्हणतात की नऊ महिन्यांच्या आत मुळीच नाही आणि त्यानंतरही चाचण्या पार पडल्या तरच. सप्टेंबरच्या शेवटी संघाची निवड आहे आणि पुढे लगेच नवरात्र. शिवाय हे फिजिओ कसलेही मशीन लावत नाहीत, ५०० रुपये घेऊन नुसता व्यायाम करून घेतात. शेजारच्या काकूंना दुसऱ्या दवाखान्यात शेक आणि करंट दोन्ही देतात. सासरे म्हणतात, आखाड्यातल्या जाणत्या माणसाकडून चोळून घ्या. मुलगी कंटाळली आहे, घरचे व्यायाम चुकवते आणि विषय काढला की उठून जाते. आम्ही कोणाचे ऐकावे?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर :

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देते, म्हणजे पुढची कारणे निवांतपणे वाचता येतील. सप्टेंबरच्या निवड चाचणीत आपल्या मुलीने उतरू नये, आणि ज्यांच्याविषयी आपल्या मनात शंका आली आहे ते फिजिओथेरपिस्ट, निदान आपल्या पत्रावरून तरी, योग्य तेच सांगत आहेत. मुलीला मी तपासलेले नाही, त्यामुळे तिच्या गुडघ्याविषयी अखेरचा शब्द तिला तपासणाऱ्यांचाच राहील. परंतु या दुखापतीतून सावरण्याची वाट कशी असते, हे पुरेसे माहीत असल्यामुळे वरचे उत्तर मी बिनदिक्कत देत आहे.

दुखत नाही म्हणजे बरे झाले, हा आपला सर्वांचा अनुभव आहे आणि ताप, जखम, मुरगळा यांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा खराही ठरतो. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र तो फसवतो. आपल्या मुलीचे तुटलेले लिगामेंट शिवून जोडलेले नाही. त्याच्या जागी मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, घडी घालून, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे पाडून, त्यांतून ओवून पक्की केलेली आहे. आपली मूळ जागा सोडून आलेल्या या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत तिच्यातील बऱ्याच पेशी मरतात, मग भोवतालच्या आवरणातून नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी तिच्यात शिरतात, आणि अशा रीतीने ती हळूहळू लिगामेंटसारखी घडत जाते. या घडणीच्या मधल्या काळात ती शस्त्रक्रियेच्या दिवशी होती त्याहूनही कमकुवत असते, आणि ही आतली पुनर्रचना वर्षभर, कित्येकदा त्याच्याही पुढे चालू राहते. दुखणे येते ते प्रामुख्याने सांध्याच्या आवरणातून, सुजेतून आणि शस्त्रक्रियेच्या जखमांतून, आणि या गोष्टी दोन-तीन महिन्यांत शांत होतात. म्हणजे वेदना थांबते तेव्हा ज्याच्यावर सगळी भिस्त आहे त्या ग्राफ्टचे, म्हणजे बसवलेल्या कंडरेचे, काम निम्म्यावरही आलेले नसते. बाहेरून काही दिसत नाही आणि आतून काही जाणवत नाही, म्हणून हाच काळ सर्वांत जपण्याचा असतो.

दुसरी बाजू स्नायूंची. गुडघ्याला मोठी इजा झाली आणि आत पाणी झाले की क्वाड्रिसेप्सला, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंना, पूर्ण जोराने आवळण्याचा आदेश मज्जासंस्था देतच नाही. हा अडथळा सूज उतरल्यावरही रेंगाळतो. माणूस चालू लागतो, पळू लागतो, पण ते कामाचा बराच भार कंबर, घोटा आणि दुसरा पाय यांच्यावर टाकून. शिवाय मूळ लिगामेंटबरोबर त्यातले संवेदनातंतूही गेलेले असतात, त्यामुळे सांधा नेमका कोणत्या कोनात आहे, याची न पाहता होणारी जाणीव मंदावते. आपली मुलगी कमाटीबागेत सरळ रेषेत पळते ही प्रगती आहेच, तिचे कौतुक करा. पण एसीएल सरळ पळताना सहसा तुटत नाही. ते तुटते एकदम थांबताना, रोवलेल्या पायावर अंग फिरवताना, उडीनंतर एका पायावर उतरताना, आणि बहुतेक वेळा कोणाचा धक्का लागलेला नसतानाच. सामन्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करणाऱ्यांच्या मते पाय जमिनीला टेकल्यापासून सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाच्या आत हे घडून जाते. इतक्या अवधीत विचार करून पाय सावरता येत नाही. गुडघा आत न पडू देता उतरण्याची सवय शरीरात आधीच मुरलेली असावी लागते.

आता खो-खोकडे पाहा. पाठलाग करणारी खेळाडू चौकोनात उकिडवी बसलेली असते, खो मिळताक्षणी त्या स्थितीतून एका पायाच्या रेट्यावर उसळते, पुरत्या वेगाने खांबाला वळसा घालते आणि बाद करण्यासाठी सूर मारते. संरक्षण करणारी तर क्षणाक्षणाला हुलकावणी देत दिशा बदलते. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावरून रेटा, वेगात वळण आणि अनपेक्षित थांबा, या तीन गोष्टींवरच हा खेळ उभा आहे, आणि मांडीमागची कंडरा काढलेल्या गुडघ्याला नेमक्या याच गोष्टी शेवटी जमतात. गुडघा खूप वाकलेला असताना हॅमस्ट्रिंगची ताकद तर सर्वांत मागे राहते. क्रिकेट किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्याला जेवढा वेळ लागतो त्याहून आपल्या मुलीला अधिक लागला, तर त्यात तिचाही दोष नाही आणि फिजिओचाही नाही.

डॉक्टर सहा महिने म्हणतात आणि फिजिओ नऊ, यात एकजण खोटे बोलत आहे असे समजू नका. सहा महिन्यांचा आकडा पूर्वीपासून प्रचारात आहे. नऊ महिन्यांचा आग्रह अलीकडच्या अभ्यासांतून आला. डेलावेअर-ऑस्लो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासमालेत, अचानक वळावे लागणारे खेळ खेळणाऱ्या १०६ जणांची शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे पाहणी केली गेली आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नऊ महिने पूर्ण होईपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी कमी झाले. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पार करून परतलेल्यांपैकी ५.६ टक्के खेळाडूंना पुन्हा दुखापत झाली. त्या पार न करता परतलेल्यांत हेच प्रमाण ३८.२ टक्के होते. अभ्यास फार मोठा नाही, हे खरे. पण निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका पाहणीत असे आढळले की पंचविशीच्या आतले जे खेळाडू खेळाकडे परततात, त्यांच्यापैकी सुमारे २३ टक्क्यांना त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याच्या एसीएलला पुन्हा इजा होते. आपली मुलगी वीस वर्षांची आहे आणि वळणावळणाचा खेळ खेळते. सर्वाधिक धोका असलेल्या गटात ती मोडते.

माझी सूचना अशी की या दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. पुढच्या तपासणीला जाताना फिजिओंकडून मोजमापांचे लेखी टिपण घेऊन जा आणि ते डॉक्टरांच्या पुढे ठेवा. शस्त्रक्रियेत मेनिस्कस, म्हणजे सांध्यातील गादी, शिवली होती का, हेही त्याच वेळी विचारा; शिवली असेल तर खोल बैठकीचे वेळापत्रक आणखी बदलते. बहुतेक शल्यचिकित्सक असा कागद पाहून आनंदाने तारीख पुढे ढकलतात, कारण आपण बसवलेला ग्राफ्ट टिकावा हीच त्यांचीही इच्छा असते.

त्या कागदावर काय असावे, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण चांगला फिजिओ कोणता, हे आपल्याला यावरूनच कळेल. गुडघा पूर्ण सरळ होतो का आणि दुसऱ्या गुडघ्याइतका वाकतो का, हे अंशांत नोंदवलेले असावे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सूज येते का, याची नोंद हवी. क्वाड्रिसेप्स आणि हॅमस्ट्रिंग यांची ताकद दोन्ही पायांची वेगवेगळी मोजून, शस्त्रक्रिया झालेला पाय दुसऱ्याच्या किती टक्के आहे ते लिहिलेले असावे. खेळाला परतताना तो आकडा निदान ९० च्या वर अपेक्षित असतो. ताकद मोजणारी मोठी यंत्रे मोजक्याच ठिकाणी असतात, पण हातात धरून वापरायचे छोटे उपकरण अनेक फिजिओंकडे असते, आणि तेही नसेल तर व्यायामशाळेतल्या लेग एक्स्टेन्शनच्या यंत्रावर एकेका पायाने किती वजन उचलले जाते, यावरून बराच अंदाज येतो. मात्र ते फिजिओंच्या देखरेखीखालीच करावे. त्यानंतर उड्यांच्या चाचण्या येतात: एका पायावर एक लांब उडी, सलग तीन उड्या, मधली रेघ ओलांडत तिरक्या तीन उड्या, आणि सहा मीटरचे अंतर एका पायावर उड्या मारत किती वेळात कापले जाते याची नोंद.

या चाचण्याही डोळे झाकून मानण्यासारख्या नाहीत. पाच-सहा महिने न खेळल्याने चांगला पायही कमकुवत झालेला असतो, त्यामुळे दोन्ही पाय सारखे आले तरी दोन्ही सारखेच अशक्त असू शकतात. शिवाय लांब उडी कंबर आणि घोट्याच्या जोरावर साधता येते आणि गुडघ्याची उणीव त्यात झाकली जाते. म्हणून जाणता फिजिओ उडीचे अंतर मोजून थांबत नाही. उतरताना गुडघा आत पडतो का, अंग एका बाजूला झुकते का, उतरल्यावर तोल धरता येतो का, हे तो मोबाइलवर चित्रित करून मुलीला दाखवतो. आपले फिजिओ हे सारे करत असतील, किंवा विचारल्यावर केव्हा आणि कसे करणार ते नीट सांगत असतील, तर आपण योग्य ठिकाणी आहात. ते टाळाटाळ करू लागले, महिनोन्महिने तेच चार व्यायाम तितक्याच वजनाने करून घेऊ लागले, तर मात्र फिजिओ जरूर बदला, आणि बदलताना बी.पी.टी. ही पदवी, शक्य असल्यास पुढची मस्क्युलोस्केलेटल किंवा स्पोर्ट्स शाखेतील एम.पी.टी., आणि गुजरात राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडील नोंदणी पाहून घ्या. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपी हा स्वतंत्र आरोग्यव्यवसाय म्हणून मान्य झाला आहे. अल्पमुदतीचे शिबिर करून पाटी लावणाऱ्यांपासून त्यामुळेच सावध राहावे.

आता यंत्रांविषयी. शेक, करंट, अल्ट्रासाउंड यांनी काही होत असल्यासारखे वाटते, कारण रुग्ण पडून राहतो आणि गुडघ्यापाशी दिवे लुकलुकतात. व्यायामात घाम आपणच गाळायचा असतो, म्हणून तेथे पैसे कशाचे, असा प्रश्न मनात येतो. हा प्रश्न मला वेडगळ वाटत नाही. पुष्कळ दवाखान्यांनी वर्षानुवर्षे लोकांना तशी सवय लावलेली आहे. परंतु टेन्स किंवा आयएफटी हे विजेचे सौम्य प्रवाह काही काळ वेदना कमी करतात, एवढेच त्यांचे काम. आपल्या मुलीला वेदनाच नाही. या टप्प्यावर अल्ट्रासाउंडचा उपयोग होतो, याला भक्कम आधार नाही. स्नायूला आकुंचन पावायला लावणारा एक वेगळा विद्युत प्रवाह असतो, तो पहिल्या काही आठवड्यांत, क्वाड्रिसेप्स जागेच होत नसताना, खरोखर उपयोगी पडतो. तो काळ मागे पडला आहे. आणि एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा: अशा शस्त्रक्रियेत ग्राफ्ट अडकवण्यासाठी बहुधा धातूचे बटण किंवा स्क्रू हाडाशी बसवलेले असते आणि अंगात धातू असलेल्या ठिकाणी शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक द्यायचा नसतो, कारण धातूभोवतीच्या ऊती भाजू शकतात. शेजारच्या काकूंचा गुडघा वयाने झिजलेला असेल, तर त्यांना मिळणारा उपचार त्यांच्यासाठी ठीक असेलही. तो आपल्या मुलीसाठी नाही.

व्यायाम हाच येथे उपचार आहे, आणि त्याचे बळ किती, हे सांगणारा एक अभ्यास उल्लेख करण्यासारखा आहे, विशेषतः ज्या वाचकांची शस्त्रक्रिया अजून ठरायची आहे त्यांच्यासाठी. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या-धावत्या व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करून मग व्यायाम दिला, दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज वाटल्यास पुढे शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातील ५९ पैकी ३६ जणांना तोवर शस्त्रक्रिया करावीच लागली नव्हती. व्यावसायिक खेळाडू त्या अभ्यासात नव्हते, त्यामुळे हा नियम सर्वांना लावता येणार नाही. पण ज्याला आपण नुसता व्यायाम म्हणतो, तो काय करू शकतो, हे यातून दिसते. ५०० रुपये घेतले जातात ते त्या दिवशीचा गुडघा तपासून कोणता व्यायाम, किती वजनाने, कोणत्या कोनात आणि केव्हा थांबून करायचा, हे ठरवण्याचे.

आपल्या सासऱ्यांच्या सूचनेकडे मी अनादराने पाहू शकत नाही. बडोद्यात तर नाहीच. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रो. माणिकराव हे मल्लविद्येइतकेच हाडवैद्यकीसाठी प्रसिद्ध होते, आणि निखळलेला सांधा बसवणे, मोडलेले हाड बांधणे, मुरगळलेला पाय चोळून मोकळा करणे या विद्येने या शहरातल्या कित्येक घरांना आधार दिलेला आहे. त्या पिढीतल्या माणसाने आखाड्याचे नाव घ्यावे, हे अगदी स्वाभाविक आहे. त्यांना एवढेच समजावून सांगा की नातीच्या गुडघ्यात जागचे हललेले, पुन्हा बसवायचे असे काही राहिलेले नाही. आत आहे तो घडणीच्या अवस्थेतला ग्राफ्ट, आणि त्याला चोळून बळ देता येत नाही. मांडीला हलक्या हाताने तेल लावल्याने बिघडत नाही. परंतु कोणी गुडघा ओढून, दाबून, झटका देऊन मोकळा करायला लागले, तर ग्राफ्ट ताणला जाऊ शकतो. आजोबांना यात सहभाग हवा असेल, तर नात व्यायाम करते तेव्हा त्यांनी समोर बसून फेऱ्या मोजाव्यात. आखाड्यात नेमाने घाम गाळण्याचे मोल त्यांच्याइतके घरात दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

गरब्याचा प्रश्न मला निवड चाचणीपेक्षाही नाजूक वाटतो, कारण संघातून बाहेर राहणे मुलगी एक वेळ समजून घेईल, पण बडोद्यात राहून नवरात्रात घरी बसणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. नवरात्र येईल तेव्हा शस्त्रक्रियेला साधारण साडेसात महिने झालेले असतील. मोठ्या मैदानावरचा गरबा म्हणजे अनवाणी पायांनी, खडबडीत किंवा निसरड्या जमिनीवर, दाटीवाटीत, तासन्‌तास वेगाने गिरक्या घेणे. रोवलेल्या पायावर फिरणे ही एसीएल तुटण्याचीच रीत, आणि दमल्यावर उतरण्याची शिस्त आधी बिघडते. तेथे या वर्षी तिने खेळू नये. शेरीतल्या किंवा सोसायटीतल्या गरब्यात, देवीपुढच्या संथ दोन टाळीत, गिरक्या न घेता, बाहेरच्या रिंगणात थोडा वेळ फिरणे तिच्या फिजिओंना मान्य होऊ शकेल, पण तोवर दोन्ही पायांच्या ताकदीचे आकडे जवळ आलेले असले पाहिजेत आणि फिजिओंनी त्या पावलांचा सराव दवाखान्यातच करून घेतलेला असला पाहिजे. त्यांना आजच सांगून ठेवा की नवरात्रात एवढे करण्याची तिची इच्छा आहे. समोर काही ठोस असले की व्यायामातही मन लागते.

मुलगी व्यायाम चुकवते आणि बोलत नाही, याचा राग मानू नका. जिचे सगळे मित्रमंडळ मैदानावर आहे, तिला एकटीने घरात भिंतीला टेकून बैठकी काढत राहणे हे दुखापतीपेक्षा जड जाऊ शकते. कंटाळ्यामागे भीतीही असते: पुन्हा तुटले तर? खेळाडू मनाने तयार आहे का, हे पाहण्यासाठी फिजिओ १२ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. ती तिला भरायला सांगा आणि तेथे आपण हजर राहू नका. आईला जे सांगता येत नाही ते ती कागदावर लिहील. प्रशिक्षकांशी आपण स्वतः बोला आणि तिला संघासोबत ठेवण्याची विनंती करा: सरावाला येणे, गुण लिहिणे, नवख्या मुलींची बसण्याची पद्धत सुधारणे. पुढे ती परतेल तेव्हाही एकदम पूर्ण सामन्यात नको. आधी एकटीने खांबाला वळसे, मग ठरलेल्या दिशेने खो, मग विरोधकांसह सराव, मग थोड्या मिनिटांचा खेळ.

अशी पायरीपायरीने परत येण्याची वाट आपल्याच शहरातल्या हार्दिक पंड्याने चालून दाखवली आहे. पाठीच्या दुखापतीनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याची लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि २०२० च्या आयपीएलमध्ये तो केवळ फलंदाज म्हणून खेळला, एकही षटक न टाकता. ऋषभ पंतच्या गुडघ्याचे लिगामेंट ३० डिसेंबर २०२२ च्या अपघातात फाटले. तो मैदानावर उतरला मार्च २०२४ मध्ये. त्यांच्यापाशी देशातले उत्तम फिजिओ होते, यंत्रे होती, पैसा होता. तरीही त्यांना इतका काळ लागला, हे मुलीला आपण न सांगता तिच्या प्रशिक्षकांनी सांगितले तर अधिक पटेल.

खर्चाविषयी आपण संकोचाने लिहिले आहे. या टप्प्यावर आठवड्यातून तीन वेळा दवाखान्यात जाण्याची गरज सहसा नसते. दहा-पंधरा दिवसांतून एकदा तपासणी व व्यायामांतला बदल, आणि मधल्या दिवसांत घरी किंवा व्यायामशाळेत ठरवून दिलेला नेम, हे पुरते, मात्र नेम खरोखर पाळला गेला पाहिजे. सयाजी रुग्णालयातही फिजिओथेरपी विभाग आहे आणि तेथे खर्च पुष्कळ कमी येतो. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, चालताना तो सटकल्यासारखा वाटला किंवा वाकवताना अडकला, तर थांबून त्याच दिवशी फिजिओंना कळवा. पोटरी एकाएकी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर फिजिओंची वाट न पाहता सरळ डॉक्टरांकडे जा. नऊ महिने नोव्हेंबरच्या अखेरीस पूर्ण होतील. त्या सुमारास सगळ्या चाचण्या करून घ्या, आकडे डॉक्टरांना दाखवा, आणि डिसेंबरच्या स्पर्धांचा विचार त्यानंतरच करा. आकडे कमी आले, तर पुढचा हंगाम आहे. ती दुसऱ्याच वर्षाला आहे.